फुकटची ब्राउझर-सुरक्षा की विकतचा अँटीव्हायरस: आपल्याच लॅपटॉपवर कसं तपासावं

"दादा, क्रोम तर आहेच, मग अँटीव्हायरसचे पैसे कशाला भरायचे?" नागपुरात सीताबर्डीच्या ऑफिसांपासून बेसा, मनीषनगरच्या फ्लॅटांपर्यंत, कुणाचाही लॅपटॉप समोर आला की हा प्रश्न येतोच. दुकानदार सांगतो घ्याच, यूट्यूबवाला सांगतो अजिबात घेऊ नका. तुमचा लॅपटॉप त्या दोघांनीही पाहिलेला नसतो. म्हणून कुणाचंही न ऐकता स्वतः तपासा. एका संध्याकाळचं काम आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. तुलना दोघांची नाही, तिघांची आहे. ब्राउझर आहे, विकतचा अँटीव्हायरस आहे आणि विंडोज १० व ११ मध्ये आधीपासूनच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आहे. हा तिसरा लोक विसरतात आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

१. सध्या पहारा कुणाचा आहे ते बघा. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर जा. तिथे नाव दिसेल. विकतचा टाकलेला असेल तर डिफेंडर आपणहून बाजूला झालेला असतो, ते बरोबरच आहे. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका.

२. ब्राउझर पूर्ण ताकदीनं चालू करा. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सिक्युरिटी’. तिथे ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ निवडा. यात तुम्ही उघडलेल्या पानांची आणि डाउनलोडची जास्त माहिती गूगलकडे जाते. ते नको असेल तर ‘स्टँडर्ड’ ठेवा, पण ‘नो प्रोटेक्शन’ कधीच नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘स्मार्टस्क्रीन’ हा त्याचा पहारा चालू आहे का ते बघा. फायरफॉक्सही गूगलचीच धोकादायक साइटांची यादी (‘सेफ ब्राउझिंग’) वापरतो, त्यामुळे त्याला कमी लेखू नका.

३. कोण काय अडवतं ते तपासा. इथे घाई करू नका. मी इथेच फसलो होतो आणि त्याची किंमत माझ्या काकाजींनी मोजली.

चाचणीसाठी आयकार (EICAR) या संस्थेची, त्याच नावाची एक फाइल असते. तिच्यात फक्त ६८ अक्षरं असतात. ती निरुपद्रवी आहे, पण जगभरातले अँटीव्हायरस ठरवून तिला व्हायरस म्हणून पकडतात. पहारेकरी जागा आहे की झोपला आहे, हे कळावं एवढ्यासाठीच ती आहे. आयकारच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, दुसरीकडून नको.

काही वर्षांपूर्वी माझ्या विंडोज १० वर मी ती क्रोममधून डाउनलोड केली. डाउनलोडच्या यादीत लगेच दिसलं: ‘व्हायरस आढळला’. मी समजलो, क्रोमनंच पकडला! तेवढ्यावर काकाजींना फोन करून सांगून टाकलं, "तुमचा अँटीव्हायरस संपतोय ना, काढून टाका. क्रोम पुरेसा आहे." त्यांचा लॅपटॉप विंडोज ७ चा होता. महिनाभरानं त्यांचा फोन आला, "अरे बाबू, पेन ड्राइव्हमधले सारे फोल्डर बाणवाले झाले. काहीच उघडून नाही राहिलं." झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेलेला पेन ड्राइव्ह होता. त्यातून शॉर्टकटचा व्हायरस घरी आला आणि तिथे त्याला अडवणारं कुणीच नव्हतं.

झालं असं होतं: क्रोम डाउनलोड झालेली फाइल विंडोजच्या हवाली करतो, विंडोज ती तिथल्या अँटीव्हायरसला दाखवतं, तो पकडतो, आणि निरोप मात्र क्रोमच्या खिडकीत दिसतो. म्हणजे माझ्या मशीनवर पकडणारा डिफेंडर होता, क्रोम नव्हे. काकाजींच्या विंडोज ७ मधला ‘डिफेंडर’ नावाला तेवढा होता. तो फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्राम, बघायचा, व्हायरसचं काम त्याच्याकडे नव्हतंच. मी एका मशीनवर पाहिलं आणि दुसऱ्या मशीनला सल्ला दिला. हे अजूनही मला लागतं. म्हणून निरोप कुठल्या खिडकीत आला यावरून अडवलं कोणी हे ठरवू नका. उलटंही होतं. काही विकतचे अँटीव्हायरस ब्राउझरमध्येच आपलं इशाऱ्याचं पान आणून ठेवतात. त्या पानावर कंपनीचं नाव असतं, ते वाचा.

बरोबर चाचणी दोन वाटांनी करायची.

पहिली वाट ब्राउझरला वगळून. आयकारची ती ६८ अक्षरं कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा, आधी-नंतर काहीही न लिहिता सेव्ह करा. सेव्ह करताच, नाहीतर पुन्हा उघडायला जाताच फाइल गायब व्हायला हवी. मग विंडोज सिक्युरिटीतली ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ किंवा तुमच्या अँटीव्हायरसची नोंद उघडा. पकडणाऱ्याचं नाव तिथे सापडतं. पेन ड्राइव्ह आणि शेजाऱ्याकडून आणलेली फाइल याच वाटेनं येतात. या वाटेवर ब्राउझर उभा नसतोच.

दुसरी वाट ब्राउझरची. गूगलचं सेफ ब्राउझिंगचं चाचणी-पान आहे, त्यावर खोट्या साइटचा इशारा दाखवणाऱ्या लिंका असतात. त्या दाबल्यावर पूर्ण खिडकीभर लाल पान आलं तर ब्राउझर जागा आहे. बँकेच्या नावाची बनावट साइट, वीजबिलाच्या नावाखाली आलेली लिंक, या गोष्टी इथेच अडायला हव्यात. त्यात एखादी फाइल नसते, तुम्ही स्वतःच पासवर्ड टाइप करून देता. या कामात चांगला ब्राउझर विकतच्या अँटीव्हायरसपेक्षा फार मागे नाही, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही चाचण्या विकतचा असताना करा आणि तो काढून डिफेंडरवर पुन्हा करा. निकाल कागदावर लिहा. मात्र आयकार एवढंच सांगतं की पहारा चालू आहे. पहारेकरी किती हुशार, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या प्रयोगशाळांचे निकाल फुकट वाचायला मिळतात. तिथे डिफेंडर विकतच्यांच्या रांगेत उभा दिसेल. आणि खरा व्हायरस आणून ‘चाचणी’ करणाऱ्यांच्या नादी कृपा करून लागू नका.

४. खोटे इशारे बंद करा. खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असं सारखं येत असेल, तर बहुतेक वेळा ते कुठल्याशा साइटला तुम्ही दिलेल्या ‘अलाऊ’चं फळ असतं. त्या चौकटीत ब्राउझरचं आणि साइटचं नाव बारीक अक्षरांत असतं. क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मधल्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ती साइट काढून टाका. याला घाबरून अँटीव्हायरस विकत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

५. आता ठरवा. विंडोज ११ वेळच्या वेळी अपडेट होतंय, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकत नाही, दोन्ही चाचण्या डिफेंडरवर पास झाल्या, तर घरच्या लॅपटॉपला पैसे भरू नका. इतवारीतली पेढी असेल, आठ-दहा मशीन असतील, पोरं कुठलाही पेन ड्राइव्ह लावत असतील, तर विकतचा घ्या. एका जागेवरून सगळी मशीन दिसणं आणि अडलं तर फोन उचलणारं कुणी असणं, त्याचे ते पैसे आहेत. मुलांसाठी वेळेचे निर्बंध हवे असतील तर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आधी वापरून बघा. आणि हिशेबाच्या टॅलीचा डेटा रोज बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवत नसाल, तर आधी ते करा. अँटीव्हायरसचा विचार त्यानंतर.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमधली भोकं विकतचा अँटीव्हायरस बुजवत नाही. जुन्या विंडोजवर तो टाकून निर्धास्त झालेल्या ग्राहकाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

ओटीपी सांगून पैसे गेले तर हे तिन्ही पहारेकरी कामाचे नाहीत. त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा.

६. विकतचा काढायचा असेल तर. आधी कंपनीच्या खात्यात जाऊन ऑटो रिन्यूअल बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, पण तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. मग सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा. तुकडे मागे राहिले तर डिफेंडर कधीकधी उठतच नाही, म्हणून त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा आणि नोटपॅडची चाचणी पुन्हा घ्या. ती फाइल निवांत सेव्ह होऊन जागेवर राहिली, तर डिफेंडर चालू होईपर्यंत त्या लॅपटॉपला कुणाचाही पेन ड्राइव्ह लावू नका.