वीस तारखेआधीचे एकोणीस दिवस: सीएच्या ऑफिसात नव्याने लागलेल्यांसाठी

सीएच्या ऑफिसात आर्टिकल (सीए होण्यासाठी उमेदवारी करणारा) किंवा अकाउंट असिस्टंट म्हणून लागलात की पहिल्याच आठवड्यात तारखा पाठ होतात. ७ ला टीडीएस (पैसे देताना कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न, बोलीत आर-वन), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला थ्रीबी (जीएसटीआर-३बी, कर भरायचं रिटर्न). जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ ला ॲडव्हान्स टॅक्सची भर. तरीही दर महिन्याला शेवटच्या दोन दिवसांत धावपळ होतेच. कारण या तारखा सरकारच्या आहेत. तुमची तारीख वेगळी: पार्टीकडून, म्हणजे ज्याचं काम आपण करतो त्या अशिलाकडून, कागद हातात पडायला हवेत ती.

ती काढायला उलटं मोजा. समजा महिन्याला दीडशे विक्रीबिलं असलेली पार्टी आहे. जीएसटीआर-१ ची मुदत ११, पण भरून मोकळं व्हायचं ९ ला. सरांच्या टेबलावर चेकिंगला एक दिवस जातोच, म्हणजे वर्किंग ८ ला तयार हवं. एन्ट्री आणि दुरुस्तीला दोन दिवस धरले, तर कागद ५ ला संध्याकाळपर्यंत यायला हवेत. म्हणून १ तारखेला मेसेज, ३ ला फोन, ५ ला पुन्हा फोन, आणि तरीही आले नाहीत तर त्याच दिवशी सरांच्या कानावर घालायचं. १० तारखेला सांगितलं तर त्यांच्याही हातात काही उरत नाही.

हे रिटर्न चुकलं की फटका पार्टीच्या गिऱ्हाइकालाही बसतो. ११ नंतर गेलेलं बिल त्याच्या त्या महिन्याच्या टूबीत (जीएसटीआर-२बी, पोर्टलवर तयार होणारी खरेदीच्या क्रेडिटची यादी) दिसत नाही, त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडकतं, आणि तो पार्टीला फोन करून तगादा लावतो. शिवाय आर-वन भरल्याशिवाय त्याच महिन्याचं थ्रीबी भरता येत नाही.

मेसेजमध्ये ‘कागद पाठवा’ एवढंच लिहू नका. ‘जूनचं चालू खात्याचं स्टेटमेंट, १ ते ३० तारखेचं, एक्सेलमध्ये, विक्रीबिलं क्रमांक ८१ पासून पुढची, खरेदीबिलं सगळी’ असं लिहा. मोघम मागितलं की व्हॉट्सॲपवर अर्धवट कापलेले फोटो आणि पासवर्ड न सांगितलेली पीडीएफ येते, आणि मग तीन फोन वाढतात. दुकानदाराला सकाळी दुकान उघडताना किंवा संध्याकाळी गर्दीत फोन करू नका. दुपारी दोन ते चार तो जरा निवांत असतो.

नव्या माणसाची नेहमीची चूक एकच असते. ज्या पार्टीचे कागद पूर्ण आलेत तिची फाईल उघडून तो दिवसभर एन्ट्री मारत बसतो. काम खूप झाल्यासारखं वाटतं, पण तेवढ्या वेळात सहा पार्ट्यांना आठवणच गेलेली नसते. सकाळचा पहिला अर्धा तास मेसेजला द्या, दुपारी फोन करा, बाकी वेळात एन्ट्री. एन्ट्री आपल्या हातात असते, समोरच्याचा वेळ नसतो.

रजिस्टर साधं ठेवा: पार्टी, काय आलं, काय राहिलं, आणि कोणाकडे अडकलंय. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. नुसतं ‘पेंडिंग’ लिहिलं तर दुसऱ्या दिवशी तुम्हालाही उलगडा होत नाही. ‘पार्टीकडे’, ‘सरांकडे चेकिंगला’, ‘ओटीपीसाठी थांबलंय’, ‘माझ्याकडे’ असं लिहा. घरी निघण्याआधी दहा मिनिटं यालाच. ज्या पार्ट्यांनी तिमाही रिटर्नचा पर्याय घेतलाय त्यांच्यावर पहिल्याच दिवशी खूण करा, त्यांच्या तारखा वेगळ्या असतात. महाराष्ट्र आणि गोव्यात त्यांचं थ्रीबी तिमाहीनंतरच्या महिन्याच्या २२ ला असतं.

एक आठवडाभर प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट घड्याळ बघून लिहून ठेवा. एन्ट्रीचा अंदाज सहसा बरोबर येतो, बँक रिकोचा (बँक स्टेटमेंट आणि आपला हिशेब जुळवण्याचा) हमखास चुकतो. स्टेटमेंट आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ५९० रुपयांचा फरक दिसतो आणि माणूस दीड तास शोधत बसतो. बहुतेक वेळा तो बँकेने कापलेला चार्ज असतो: ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटसुलट पडलेत का बघा, ५,४०० च्या जागी ४,५०० असे. फरकाच्या निम्म्या रकमेची एन्ट्री सापडली, तर ती डेबिटऐवजी क्रेडिटला गेलीय का तपासा. वीस मिनिटांत सापडलं नाही तर चिठ्ठीवर फरक लिहून दुसरी फाईल घ्या आणि सीनियरला विचारा.

टूबी १४ ला तयार होतं, म्हणून १२ आणि १३ हे दिवस बँक रिको आणि पीएफसाठी राखा. १५ ते १८ खरेदी जुळवणी. आर-वनमधली चूक याच दिवसांत दिसते, आणि त्या महिन्याची दुरुस्ती १ए (जीएसटीआर-१ए, दुरुस्तीचा फॉर्म) मधून थ्रीबी भरण्याआधीच करावी लागते. १९ ला संध्याकाळपर्यंत सगळं मोकळं करा. २० ला पोर्टल रेंगाळतं आणि ओटीपी पार्टीच्या फोनवर जातो, ती व्यक्ती त्या वेळी गाडी चालवत असते. ओटीपीची वेळ आदल्या दिवशीच ठरवा. कंपन्यांना डीएससी (डिजिटल सही) लागते, तिची मुदत १ तारखेलाच पाहा.

टीडीएसच्या ७ तारखेला मात्र एका दिवसाचीही ढिलाई नको. जूनमध्ये कापलेले ४०,००० रुपये ७ जुलैऐवजी ८ जुलैला भरले, तर व्याज एका दिवसाचं लागत नाही. महिन्याला दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणून जून आणि जुलै मिळून तीन टक्के: १,२०० रुपये. पार्टी ते तुमच्या सरांकडे मागते.

मध्येच सरांनी हाक मारली तर उठण्याआधी शेवटचा व्हाउचर नंबर चिठ्ठीवर लिहा, नाहीतर परत आल्यावर तीच दहा बिलं पुन्हा तपासावी लागतात. नवं काम मिळालं तर ‘सर, आत्ता करू की दुपारनंतर?’ हे विचारायला संकोचू नका. हातातलं कामही सांगा, म्हणजे त्यांना ठरवता येतं.

२१ तारखेला हेच रजिस्टर घेऊन बसा. ज्या पार्टीने तिसऱ्या फोननंतर कागद दिले, तिच्या नावापुढे पुढच्या आठवणीची तारीख १ ऐवजी २८ लिहा.