साठीनंतर टेकडी चढता-उतरताना या चुका टाळा

पुण्यात पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी किंवा रविवारी सिंहगड चढणाऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ जण असतात, आणि त्यांनी ही सवय सोडू नये असे मला मनापासून वाटते. गुडघा कुरकुरू लागला की ‘आता वय झाले’ म्हणून टेकडी बंद केली जाते. प्रत्यक्षात अनेकदा दोष वयाचा नसून पद्धतीचा असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळी तयारी चढण्याची करणे आणि उतरणे गृहीत धरणे. चढताना दम लागतो, म्हणून आपण सावध असतो. उतरताना मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरावा लागतो आणि गुडघ्याच्या वाटीमागचा दाबही वाढतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः यामुळेच. थकलेल्या पायाला घसरलेले पाऊल सावरता येत नाही, आणि हाडे ठिसूळ झालेली असतील तर साध्या पडण्यानेही मनगट किंवा खुबा मोडू शकतो. म्हणून उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, तीव्र उतारावर नागमोडी उतरावे आणि दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात. काठी वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. सुट्या मुरुमावर आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर झिजलेल्या तळव्यांचे बूट घालून जाणे टाळावे.

आठवडाभर बसून राहायचे आणि रविवारी एकदम गड गाठायचा, ही दुसरी चूक. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे केवळ चालणे पुरेसे नाही. घरी हातांचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, भिंतीजवळ उभे राहून टाचा उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून हळूहळू एक पाय खाली टेकवणे, एवढे केले तरी चालेल. यांतील शेवटचा व्यायाम उताराचीच तालीम आहे, त्यामुळे तो वगळू नये.

आजारपणानंतर किंवा मोठ्या खंडानंतर पूर्वीच्याच अंतरावर परतण्याची घाईही नडते, कारण स्नायूंच्या मानाने टाचेमागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फार सावकाश बळकट होते. निम्म्या अंतराने सुरुवात करून दर आठवड्याला थोडेच वाढवावे.

दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि दोन-तीन दिवसांत दुखणे ओसरत असेल, तर काळजीचे कारण नाही; हलके चालणे सुरू ठेवावे. एकाच गुडघ्याला सूज आली, तो अडकू लागला किंवा पायावर भार देता येईना, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर ‘आता थोडेच राहिले’ म्हणून पुढे न जाता तिथेच बसून तातडीने मदत मागवावी.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये आणि खिशात साखर ठेवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरचा आकडा पाहून वेग ठरवू नये. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चढावे.