'पार्सल मिळालंच नाही' म्हणून परदेशी ग्राहकाने पैसे परत मागितले तेव्हा

कोल्हापुरी चपला अमेरिकेला स्पीड पोस्टने पाठवल्या. मुंबई सोडल्यावर ट्रॅकिंग तिथेच अडकलं आणि महिन्याभराने ग्राहकाने 'मिळालंच नाही' असा दावा लावला. पोस्टाची पावती जोडली, चालली नाही. तिच्यावरून पाठवल्याचं कळतं, पोचल्याचं नाही. दोन रात्री झोप नव्हती.

शेवटी पावतीवरचा १३ जागांचा क्रमांक (दोन अक्षरं, ९ आकडे, शेवटी 'आयएन') यूएसपीएसच्या (अमेरिकेच्या टपालसेवेच्या) साइटवर टाकला. तिथे 'डिलिव्हर्ड' दिसलं, तारीख आणि झिपकोडसकट (तिकडचा पिनकोड). आधी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, मग ऑर्डरमधला पत्ता शेजारी ठेवून झिपकोड जुळतो हे दाखवलं आणि दोन्ही दाव्याला उत्तर द्यायच्या मुदतीच्या आत पाठवलं. दावा फेटाळला गेला.

ग्राहकाने मेसेजमधून बदलून दिलेल्या पत्त्यावर पाठवलं असतं, तर ऑर्डरमधल्या पत्त्याशी मेळ बसला नसता आणि हा पुरावा कुचकामी ठरला असता.