माईनक्राफ्टमधला राजगड अंगणात कसा उतरवायचा

दिवाळीच्या सुट्टीत पोरगं माईनक्राफ्टमधून, म्हणजे त्या ठोकळे रचत बांधायच्या मोबाईल गेममधून, उठत नाही म्हणून वायफाय बंद करू नका, मी करून बघितलंय, भाच्याने दोन दिवस अबोला धरला आणि किल्ला तर झालाच नाही. त्याला तिथे काय मिळतं ते आधी बघा ना. तिथला अख्खा दिवस आपल्या 20 मिनिटांत संपतो, क्रिएटिव्ह मोडला, म्हणजे नुसतं बांधत बसायच्या प्रकारात, दगड कधी संपत नाहीत, चुकलं तर ठोकळा काढला की झालं, आणि कोणी मोठं माणूस येऊन "असं नाही रे, असं" म्हणत नाही. मला तर हे शेवटचंच खरं कारण वाटतं, कारण अंगणातला किल्ला बऱ्याचदा आपणच करत बसतो आणि पोराला पाणी आणायला पिटाळतो.

तर नकाशा त्याला गेममध्येच करू द्या. 40 बाय 40 ठोकळ्यांची जागा, उंची 20 च्या आत, मधे बालेकिल्ला आणि बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. गेममधला ठोकळा 1 मीटरचा असतो, आपण अंगणात तो 1 इंचाचा धरायचा म्हणजे साडेतीन फुटांच्या आत राजगड बसतो. ठोकळे त्याने मोजायचे, खडूने त्यानेच आखायचं, आपण फक्त गवंडी.

विटा-दगड रचून उंचवटा करा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका आणि त्याच्या सुरकुत्या सरळ करू नका, त्याच कडेकपाऱ्या होतात. माती चाळून घ्या, चिखल कणकेपेक्षा जरा सैल. आमच्याकडे वाघाची गुहा करायला भाच्याने खालून माती कोरली आणि आख्खी संजीवनी माची बसली, तर हा माझ्याकडे बघून म्हणतो, "मामा, वरचं का पडलं?" माईनक्राफ्टमध्ये खालची माती काढली तरी वरची तशीच हवेत राहते, वाळू आणि खडीसारखे थोडेच ठोकळे पडतात! म्हणून गुहेच्या जागी आधी करवंटी ठेवा, मग माती लिंपा.

अळीव वसुबारसेच्या पाचसहा दिवस आधी, ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरायचे, भिजवले तर बुळबुळीत गोळा होतो. पाणी स्प्रेने द्या, तांब्याने ओतलं की बी वाहून पायथ्याशी. आता इथे थांबावं लागतं आणि मोबाईल परत हातात येतो, येऊ दे. आमचा रोज सकाळी दात घासत किल्ल्यावर वाकून बघायचा, आणि कोंब दिसले त्या दिवशी मोजून तिथेतिथेच गेममध्ये गवत लावलं.

मावळे, महाराज, तोफा शेवटी मांडा, मांजर असेल तर रात्री वर टोपली घाला.

दिवाळी झाल्यावर भाचा परत गेममध्ये शिरला, पण संजीवनीचा कडा त्याने आता खडीचा केलाय आणि खालचा ठोकळा काढून तो कसा ढासळतो ते मला चार वेळा दाखवून झालंय.