पेरण्याआधी तोट्याचा तुकडा शोधा

गहू-हरभरा निघाला, शेतं मोकळी आहेत. इंदूर, सांवेर, देपालपूरकडे मृगाचा पाऊस येईपर्यंत हाती असलेले दिवस सोयाबीनच्या भावाच्या चर्चेत घालवू नका.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोबाइलवर फुकट बघता येतात. चित्रातला एक ठिपका म्हणजे १० बाय १० मीटर जागा. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक ढगच दिसतात, म्हणून सप्टेंबरातली उघडीप निवडा. दोन-तीन वर्षं जो कोपरा फिकाच दिसतो, तिथे स्वतः जाऊन उभे राहा. काळ्या मातीत तो बऱ्याचदा नाल्याकडचा सखल भाग निघतो. पाणी तुंबलं की मुळांवरच्या गाठींना हवा मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं. मग आपण काय करतो? युरिया फेकतो! सोयाबीनला शिफारसच हेक्टरी २५ किलो नत्राची आहे, बाकीचं बरंचसं गाठी पुरवतात. जास्तीचं नत्र विरघळून विहिरीत उतरतं, खतातलं स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना धरून नाल्यात जातं. तिथून इंदुरातून वाहणारी कान्ह नदी, मग क्षिप्रा, पुढे चंबळ. कान्हच्या घाणीबद्दल शहराला नावं ठेवताना आपला हा वाटाही धरावा.

त्या तुकड्यातला मातीचा नमुना वेगळा घ्या. चांगल्या भागात मिसळला तर अहवाल दोन्हींच्या कामाचा राहत नाही. आठ-दहा जागी १५ सेंटीमीटर खोल खड्डे करा, माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा.

उपग्रह फिकेपणा दाखवतो, क्विंटल दाखवत नाही. म्हणून येत्या काढणीला त्या तुकड्याचं धान्य वेगळ्या पोत्यांत भरून तोला आणि बियाणं, खत, फवारणी, हार्वेस्टरचं भाडं बिघ्यामागे मांडा. पण तुंबणारी जागा आताच माहीत असेल तर हिशेबाची वाट बघू नका: यंदाच रुंद वरंबा-सरीवर पेरा, म्हणजे जास्तीचं पाणी सरीतून निघेल. नाल्याला लागून असलेली पट्टी मात्र पेरूच नका, गवत येऊ द्या. चारा होईल, माती अडेल. खत फोकून न टाकता पेरणीयंत्राने बियाखाली द्या.

पावसासाठी सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं, डबा रिकामा करायचा. बेरीज १०० मिलिमीटर होईपर्यंत पेरणीयंत्र बाहेर काढू नका, शेजाऱ्याने काढलं तरी.