नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या वेळचं 'कोटिंग' घ्यावं का?
दसऱ्याला नाशिकच्या मुंबई नाक्याकडच्या एखाद्या शोरूममध्ये गाडीची चावी हातात पडायच्या आधी एक कागद पुढे सरकतो: 'सर, पेंट प्रोटेक्शन टाकून देऊ ना?' लोनच्या हप्त्यात ते सहज मिसळतं, म्हणून आपणही मान डोलावतो. थांबा, आधी विचारा की हे नक्की काय आहे.

'टेफ्लॉन' म्हणत असतील तर बहुतेक वेळा ते चांगल्या प्रतीचं पॉलिशच. टेफ्लॉन वितळतं 327 अंश सेल्सिअसला; तव्यावर ते भट्टीत बसवतात, बॉनेटवर फडक्याने नाही. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवलेला कडक, पातळ थर, खरंच टिकतं, पाणी आणि धूळ पटकन घसरते. पण थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कसारा घाटात ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याला जुमानत नाही. खड्यांसाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे रंगावर चिकटवायची दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. ती महाग असते, त्यामुळे फक्त बॉनेट आणि पुढच्या बंपरला लावली तरी चालतं.

कोटिंग हवंच असेल तर बाहेरच्या डिटेलिंगवाल्याचाही, म्हणजे गाडीची सफाई-पॉलिश करणाऱ्याचाही, भाव घ्या. वॉरंटीच्या कागदावर दर सहा महिन्यांच्या सशुल्क 'मेंटेनन्स'ची अट आहे का, तेही बघा.

आणि सोसायटीत रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणाऱ्या दादांना आधी थांबवा. बारीक गोल ओरखडे तिथेच पडतात. आधी पाणी मारायचं, मग मायक्रोफायबरचं मऊ फडकं. पक्ष्याची विष्ठा दिसली की उन्हात वाळायच्या आत धुवायची.