जुन्या फोनोग्राफचे ओरिजिनल पार्ट ओळखायचे कसे, आणि घाईत काय काढून टाकायचं नाही

मशीन घरी आलं की लोक पहिल्यांदा काय करतात, तर पितळ पॉलिश घेऊन घासत बसतात. हात जोडतो, नका करू. कुठला पार्ट मूळचा आणि कुठला नंतर कुणी चिकटवलाय ते त्या मळावर आणि डागांवरच तर कळतं, ते पुसलं की मग फोटो पाठवून विचारण्यात काही अर्थ नाही. भिंग, टॉर्च, लोहचुंबक घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मगच सुरुवात करा.

आधी स्क्रू. डोक्यावर एकच सरळ खाच हवी. अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो १९३० च्या दशकाच्या मध्याआधीचा नाही, विषय संपला. पण एका स्क्रूवरून सगळं मशीन खोटं म्हणू नका, तिथे कुणीतरी हात घातलाय एवढंच.

मग मुलामा. निकेल पिवळसर दिसतं, क्रोम निळसर आणि आरशासारखं. क्रोम १९२० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलं, त्यामुळे १९०५ च्या मशीनला क्रोमचा पार्ट असेल तर तो बदललेला तरी आहे किंवा त्याला नव्याने मुलामा दिलेला तरी.

माझी सगळ्यात लाडकी टेस्ट म्हणजे पार्ट सोडवून खालचं लाकूड बघणं. शंभर वर्षं झाकलेल्या जागेचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा राहतो, आणि त्या सावलीचा आकार पार्टशी जुळला पाहिजे. शेजारी बुजवलेली भोकं दिसली की समजा, पाहुणा आहे.

भोंग्याचं एक डोक्यात जातं. "चुंबक चिकटलं तर खरा, पितळी असेल तर नकली" असं कुणीतरी सांगून ठेवलंय आणि सगळे तेच पुढे ढकलतात. अहो, एडिसन स्टँडर्डला (मेणाची नळकांडी, म्हणजे सिलिंडर वाजवणारं एडिसनचं मशीन) कंपनीच १४ इंची भोंगा द्यायची, त्यात काळ्या अंगाचे आणि पितळी तोंडाचे पण होते! धातूपेक्षा जोड बघा, तोंडाची दुमडलेली कड बघा, आतल्या बाजूची झीज बघा.

पाटीवरच्या पेटंटच्या तारखा म्हणजे मशीन बनल्याची तारीख नाही. मशीन त्यातल्या शेवटच्या तारखेच्या आधीचं नाही एवढंच त्यातून कळतं.

आता रिप्रोड्युसर, म्हणजे सुई आणि डायफ्रामवाला (आवाजाने थरथरणारा पातळ पडदा) गोल डबा. इथे मी स्वतः सपाटून आपटलोय, त्यामुळे जरा सावकाश वाचा. माझ्याकडे एक एडिसन स्टँडर्ड आलं, पाटीवरून १९०८ च्या आधीचं वाटत होतं, त्यावर मॉडेल एच रिप्रोड्युसर आणि मॅन्ड्रेलच्या (ज्यावर सिलिंडर चढवतात तो फिरता दंड) टोकाला एक जास्तीचं गिअर. मला माहीत होतं की या मशीनला मॉडेल सी असतो, म्हणून मी मोठ्या शहाणपणाने दोन्ही काढलं, "चुकीचे पार्ट" म्हणून देऊन टाकलं आणि सी शोधून बसवला. नंतर कळलं की १९०८ मध्ये एडिसनने चार मिनिटांचे अँबेरॉल सिलिंडर काढले तेव्हा जुन्या मशीनवर ते वाजावेत म्हणून कंपनीनेच गिअर आणि रिप्रोड्युसर असा जोड विकायला ठेवला होता. म्हणजे पहिल्या मालकाने रीतसर घेऊन बसवलेली गोष्ट मी उपटून टाकली. अजून चिडचिड होते.

तर मुद्दा असा की दोन मिनिटांच्या सिलिंडरवर इंचाला १०० आटे असतात, चार मिनिटांच्यावर २००. फिरण्याचा वेग तोच, मिनिटाला १६०, पण सुई पुढे सरकायची ती निम्म्या वेगाने, म्हणून ते गिअर. दोन मिनिटांवाल्या सीचं नीलमणी टोक गुंडीसारखं, चार मिनिटांवाल्या एचचं त्याहून बरंच बारीक, भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवलेत की लगेच कळतं. अदलाबदल करून वाजवू नका, मेणाचा सत्यानाश होतो. आणि रिप्रोड्युसरवरचा नंबर मशीनच्या नंबराशी जुळत नाही म्हणून घाबरू नका, तो वेगळाच असायचा. मॉडेलचं अक्षर ठशाने उठवलेलं आहे का आणि त्याच्या कडा झिजल्यात का ते बघा, कोरी करकरीत अक्षरं दिसली की मला तरी शंका येते.

तबकडीवाल्या मशीनच्या साउंडबॉक्समध्ये (तिथला रिप्रोड्युसरच) अभ्रकाचा डायफ्राम असेल तर कडेला पापुद्रे दिसतात, प्लॅस्टिकला ते येत नाहीत. जस्ताच्या मिश्रधातूची पाठ फुगून तडकली असेल तर पार्ट बहुतेक जुनाच, पण जोर लावून स्क्रू फिरवलात तर हातात तुकडे येतील. कडक झालेलं रबर बिनधास्त बदला.

बाकी ज्या पार्टचा निकाल लागत नाही तो फेकायचा नाही, विकायचा तर मुळीच नाही. पिशवीत घाला, कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहा आणि मशीनच्याच पेटीत ठेवून द्या.